तुमची साखळी कोणती?

मोजणीला शेतात गेलं की पहिला अर्धा तास मोजणीबद्दल कुणीच बोलत नाही. लिंबाखाली बाज टाकलेली असते, चहा येतो, तोही दोन्ही पार्ट्यांकडून, आणि दोन्हीकडचा प्यावाच लागतो, कारण एकाचा घेतला न् दुसऱ्याचा नाही घेतला तर आपण आधीच कुणाच्या बाजूनं आलो हे ठरून जातं. मग एखादा म्हातारा काहीतरी विषय काढतो. पूर्वी पावसाचा काढायचे, नाहीतर सोयाबीनच्या भावाचा. गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या हिंगोलीच्या भागात नवाच प्रश्न सुरू झाला. "साहेब, ते औंढ्याला कायचं मशीन बसूलालंय म्हणं?"

साहेब म्हणजे मी. जमीन मोजणी खात्यात भूकरमापक, नोकरीची चोवीस वर्षं झाली. लोकांचा साधा हिशोब असतो की सरकारी माणूस आहे, त्यातून जमिनीचा माणूस आहे, म्हणजे याला माहीत असणारच. मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. लिगो हे नाव पेपरात वाचलेलं, २०२३ साली केंद्रानं २,६०० कोटींची मंजुरी दिली ही बातमी वाचलेली, बाकी शून्य. मी आपला "संशोधनाचं आहे काहीतरी" म्हणून चहा संपवायचो. एकदा एकजण म्हणाला, तिथं जमीन हलली की ते मशीन ओळखणार. त्यावर दुसरा म्हणाला, औंढ्याला काय नवल, तिथं नामदेव महाराजांसाठी देऊळ फिरलंय. तिसरा माझ्याकडं बघून म्हणाला, "देऊळ फिरलं तवा हद्द कायम करायला कोण गेल्तं साहेब?" सगळे हसले, मीपण हसलो, पण डोक्यात राहिलं की रोज विचारतात लोकं आणि आपल्याला दोन वाक्यं धड सांगता येत नाहीत.

म्हणून विज्ञान दिनाला एका कॉलेजात त्याच विषयावर व्याख्यान आहे असं व्हॉट्सॲपवर दिसलं तेव्हा हाफ डे टाकून गेलो. मागच्या रांगेत, पंख्याखालची खुर्ची बघून बसलो, कारण समजलं नाही तर झोपता यावं. पोरं दीडदोनशे, त्यात पांढऱ्या केसांचा मी एकटा. पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या, तिशीच्या असतील. आता या बाई रेडशिफ्ट, स्पेसटाइम असलं काही चालू करणार असं वाटलं. त्यांनी फळ्यावर एक मोठा काटकोन काढला आणि म्हणाल्या, आपल्याला फक्त एवढंच करायचंय, ही बाजू आणि ही बाजू सारखी आहे का ते मोजायचं.

आणि मी सरळ बसलो. अहो, काटकोन टाकून दोन बाजू मोजणे, याच्यावर तर माझं घर चालतंय.

फक्त त्यांची बाजू ४ किलोमीटरची. चार किलोमीटरची नळी, आत निर्वात पोकळी, टोकाला चाळीस किलोचा आरसा काचेच्या तंतूंनी टांगलेला, त्याच्यावर लेसर जाऊन परत येणार. कुठंतरी लांब अंतराळात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशालाच लाट येते, आइन्स्टाइननं १९१६ साली कागदावर सांगून ठेवलेलं, आणि ती लाट इथून जाताना एक बाजू इवलीशी लांबते, दुसरी आखडते. इवलीशी म्हणजे किती, तर अणूच्या पोटात प्रोटॉन असतो त्याच्या व्यासाहून शेकडो पटींनी कमी. मी वहीत तो आकडा दशांश चिन्हानंतरची शून्यं मोजत लिहायला घेतला आणि मध्येच सोडला. आम्ही धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वीतभराला वीतभर भिडवता भिडवता कुऱ्हाडी निघालेल्या बघितल्यात, आणि ही माणसं हे मोजतायत.

पहिली लाट त्यांना सापडली १४ सप्टेंबर २०१५ ला. आपल्याकडं तेव्हा दुपारचे ३ वाजून २० मिनिटं झालेली. ते दुष्काळाचं साल होतं, पुढच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते साल, आणि दुपारचे सव्वातीन म्हणजे मी कुठल्यातरी करपलेल्या रानात झेंड्या रोवत असणार. अमेरिकेत दोन यंत्रं आहेत, एकमेकांपासून ३,००० किलोमीटरवर. लाट आधी दक्षिणेकडच्या लिव्हिंग्स्टनला लागली आणि सात मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. निघाली होती १३० कोटी वर्षांपूर्वी. मॅडम म्हणाल्या, तुमच्या पायाखालचा काळा दगड आहे ना, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे ही लाट निघाली तेव्हा हा दगड वितळायचासुद्धा होता. तेव्हा सगळी पोरं खाली फरशीकडं बघायला लागली, खरंच.

हे ऐकताना माझी मान डोलत होती पण आत एक प्रश्न टोचत होता, आणि तो फिजिक्सचा नव्हता हो, शुद्ध मोजणीचा होता. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडं अजून साखळीच चालायची. शंकू साखळी, ३३ फुटांची, सोळा आण्यांची म्हणजे सोळा भागांची, ३३ बाय ३३ म्हणजे एक गुंठा. मला शिकवणारे जुने सर्व्हेअर पहिल्याच दिवशी म्हणाले होते की साखळीवर कधी विश्वास ठेवू नको, साखळी पण माणसासारखी असते, उन्हात ढिली पडते. गंमत नाही, हिशोब आहे. पोलाद तापलं की वाढतं, तीस अंशांचा फरक पडला तर त्या दहा मीटरच्या साखळीत साडेतीन मिलीमीटर. एका साखळीत काहीच नाही, पण किलोमीटरभर टाकत गेलात तर दीड वीत. आणि साखळी लांबली की शेत कमी भरतं, म्हणजे तेच रान संक्रांतीला मोजलं तर एक आणि मे महिन्यात मोजलं तर त्याहून थोडं कमी. सव्वादोनशे वर्षांपूर्वी लॅम्बटननं मद्रासेहून देशाची मोजणी सुरू केली तेव्हा साखळीवर सावली धरायची व्यवस्था होती ती याचसाठी. (तो लॅम्बटन हैदराबादेहून नागपूरला जाताना १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, तिथंच त्याला पुरलंय. आमच्या धंद्यातलं तीर्थक्षेत्र म्हणायचं तर ते, पण कुणी जात नाही, मीपण अजून गेलो नाही.)

तर प्रश्नांची वेळ आली. पोरांनी ब्लॅक होलमध्ये पडलो तर काय होईल वगैरे विचारलं. मी हात वर केला, माईक येईपर्यंत घाम फुटला, आणि म्हणालो, "मॅडम, मी मोजणी खात्यातला माणूस आहे, चुकलं तर माफ करा. लाट आली की जागाच लांबते म्हणता. मग त्या जागेतला प्रकाश पण लांबत असंल की. साखळी आणि शेत दोन्ही एकदम लांबलं तर फरक कळणार कसा? तुमची साखळी कोणती?"

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्या दोन पावलं पुढं आल्या आणि म्हणाल्या, काका, हा प्रश्न एमएस्सीच्या वर्गात यावा म्हणून आम्ही वाट बघत असतो. मग सांगितलं ते असं, की नळीत आधीच असलेला प्रकाश लाटेबरोबर ताणला जातो हे खरंय, पण प्रकाशाचा वेग बदलत नाही आणि मागून नवीन ताजा प्रकाश सारखा येतच राहतो. तो ज्या बाजूला जास्त जागा पार करतो तिकडून उशिरा परततो. "आम्ही साखळी टाकतच नाही. एकाच वेळी दोन माणसं दोन बाजूंना पळवतो आणि आधी कोण परत आलं ते बघतो." मला कळलं. पूर्ण कळलं असं म्हणणार नाही, घरी येऊन रात्री परत कागदावर काढून बघितलं, पण धरायला टोक सापडलं.

घरी बायकोला सांगितलं तर म्हणाली, चोवीस वर्षांत एका मीटिंगला तुम्ही कधी प्रश्न विचारला का? नाही विचारला. आमच्या ट्रेनिंगला मी वही घेऊन जातो, सही करतो, जेवण काय आहे ते बघतो. तिथं प्रश्न विचारला की दोन अर्थ निघतात, एक तर याला येत नाही किंवा हा शहाणपणा करतोय. इथं मला येत नाही हे केसांवरूनच दिसत होतं, मग लाज कशाची.

पण खरी गोष्ट पुढं आहे आणि ती सांगायला मला थोडं जड जातंय.

मॅडमनी दोन किस्से सांगितले होते. एक डोमकावळ्यांचा. हॅनफर्डच्या यंत्रात मधूनच एक खटखट येत होती, कशाची ते कळेना, शेवटी बाहेरच्या गार पाइपावर बर्फ धरायचा आणि त्या भागातले तहानलेले डोमकावळे येऊन त्याला चोची मारायचे, हे सापडलं. अब्जावधी प्रकाशवर्षांवरची टक्कर ऐकायला बसवलेलं यंत्र, आणि त्याला ऐकू येतोय कावळा. म्हणून त्यांचं निम्म्याहून जास्त आयुष्य आपल्या यंत्राला काय काय हलवतं याची यादी करण्यात जातं असं त्या म्हणाल्या, समुद्राच्या लाटा, रस्त्यावरचा ट्रक, वारा, सगळं. शांत जागा हवी म्हणूनच तर शोधत शोधत औंढ्याजवळ आले.

दुसरा किस्सा पाकिटाचा. २०१० च्या सप्टेंबरमध्ये यंत्रावर एक झकास सिग्नल आला, बृहल्लुब्धक म्हणजे मोठ्या कुत्र्याच्या तारकासमूहाच्या दिशेनं आल्यासारखा, म्हणून त्याला नावच पडलं बिग डॉग. शेकडो शास्त्रज्ञांनी सहा महिने त्याच्यावर काम केलं, शोधनिबंधसुद्धा लिहून तयार. आणि २०११ च्या मार्चमध्ये सगळ्यांसमोर पाकीट उघडलं तर कळलं, की हा सिग्नल आपल्याच मोजक्या माणसांनी गुपचूप घातलेला होता, तुम्ही ओळखता का ते बघायला. सगळ्यांना आधीपासून माहीत होतं की असं होऊ शकतं, आणि सगळ्यांनी ते मान्य केलेलं.

पोरं हसली, टाळ्या वाजल्या. माझ्या पोटात मात्र खड्डा पडला.

कारण आमच्याकडं आकडा "जुळवणे" नावाची एक गोष्ट आहे. कागदावर कुठं नसते, पण हाताला असते. शेतात जायच्या आधी जुनं टिपण, गटाचा नकाशा, सातबाराचं क्षेत्र सगळं बघून जातो, जायलाच पाहिजे, नाहीतर मोजणार कशाच्या आधारानं. पण मग रानात बाजू भरते समजा बावन्न मीटर साठ, आणि कागदावर असते बावन्न पंचेचाळीस, की झेंडी थोडी सरकते. कुणी पैसे दिले म्हणून नाही, तेवढं माझ्या आईच्या शपथेवर सांगतो. फक्त कागदाशी जुळलं की सगळ्यांचं बरं असतं म्हणून. आपलंच चुकलं असंल असं वाटतं, ऊन असतं, दोन पार्ट्या डोक्यावर उभ्या असतात, चेनमनला एसटी गाठायची असते. आपण कागद बघून मोजतो आणि मग म्हणतो बघा, कागदाप्रमाणंच निघालं.

आता इलेक्ट्रॉनिक मोजणीचं ईटीएस मशीन आलं, रोव्हर आलं, बटण दाबलं की सॅटेलाइटवरून जागा कळते, सेंटिमीटरात. तरी झेंडी कुठं धरायची ते माणूसच ठरवतो, आणि माणसानं आधी कागद बघितलेला असतो.

त्या आठवड्यात एका हद्द कायमच्या मोजणीला मी आमच्या नवीन पोराला, आत्ताच भरती झालेल्याला, जुने आकडे न दाखवता दुसऱ्या टोकाकडून मोजायला लावलं. माझं मी वेगळं मोजलं, त्याचा कागद घडी घालून खिशात ठेवला, न बघता. संध्याकाळी ऑफिसात दोन्ही समोर ठेवले. अकरा सेंटिमीटरचा फरक. पोरगं घाबरलं, म्हणालं, साहेब माझं चुकलं. मी म्हणालो थांब, परत जाऊ. परत गेलो तर दोन सेंटिमीटर त्याचे निघाले आणि नऊ माझे. माझी कोपऱ्याची खूणच चुकीची धरलेली होती, का, तर कागदावर ती तिथं "असायला पाहिजे" होती.

तेव्हापासून जमेल तिथं पाकीट करतो. आमच्या ऑफिसात त्याला "लिगो करणे" म्हणतात, चेष्टेनं. असू दे.

त्या एका व्याख्यानानं चटक लागली हे खरं. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या मेळाव्याला गेलो तर तिथं मातीवर एक सर बोलत होते, लोक बियाण्याच्या स्टॉलकडं पळालेले, मंडपात आम्ही पंधरा-वीस. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट म्हणून चिकणमातीचं खनिज असतं, वहीच्या पानांसारखे थर, पानापानांत पाणी शिरतं न् ती फुगते, वाळली की आकसते, उन्हाळ्यात भेगा पडतात त्या मीटरमीटर खोल जातात. हे सगळं आपल्याला लहानपणापासून माहीत, भेगेत चेंडू गेला की गेला. पण पुढं ते म्हणाले, वरची माती त्या भेगांत पडते, पावसाळ्यात खालून फुगवटा आला की तिला जागा पुरत नाही आणि ती आजूबाजूला, वर, रेटली जाते. अशी ही माती दरवर्षी स्वतःच स्वतःला नांगरत असते. तिच्यात पुरलेलं काहीच जागेवर राहत नाही. खांब कलतात, भिंती तडकतात, खालचे दगड वर येतात.

तिथं मी पुढं ऐकलंच नाही खरं तर. मला एक हद्दीचा दगड आठवत होता. नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षीचा, खोल काळ्या रानातला. कललेला होता, आणि जागेवरून हातभर सरकलेला. मी लिहून दिलं होतं की खूण हलवल्याचं दिसून येतं. कुणी हलवली ते लिहिलं नव्हतं, पण गावात लिहावं लागत नाही. लगतच्या म्हाताऱ्याकडं सगळे बघायला लागले. तो फक्त एवढंच म्हणाला, "म्या कामून हलवीन बा?" पुढं तो गेला. त्यानं हलवलाही असेल, दरवर्षी नांगराचं एक-एक तास धुऱ्यात घुसवणारे मी शेकड्यानं बघितलेत, माती काही सगळ्यांचीच वकील नाही. पण तेव्हा माझ्या डोक्यात दुसरी शक्यताच नव्हती. मातीच्या शास्त्रज्ञाला विचारावं असं कधी सुचलं नाही, कारण मातीचा आणि आमचा संबंध काय, आम्ही जमीन मोजतो! हे वाक्य लिहिताना आत्ता हसू येतंय आणि येतही नाहीये.

किल्लारीवर एक व्याख्यान ऐकलं लातूरला, त्याच्याबद्दल जास्त लिहिणार नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या दिवशी विसर्जन झालेलं. आमच्या भागात पाळणे हलले, पितळी भांडी पडली, तिकडं मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. ते वक्ते भूगर्भवाले, त्यांनी एक साधी गोष्ट सांगितली की आपला सगळा भूखंड वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर ईशान्येकडं सरकतोय. किल्लारीपासून आत्तापर्यंत दीड मीटर झाला. मी लगेच मनात हिशोब केला, दीड मीटर म्हणजे धुऱ्याची अख्खी रुंदी. पण वादी सरकला तसा प्रतिवादीपण सरकला, गट नंबर, विहीर, लिंब, सगळ्या लवाजम्यासकट, म्हणून केस जिथल्या तिथं आहे. हे मी आता लिंबाखाली सांगतो, लोकं लई हसतात.

औंढ्याच्या मशीनचंही सांगतो. चार किलोमीटरची नळी सरळ ठेवायची तर पृथ्वीचा बाक आडवा येतो, टोकाला जमीन जवळपास सव्वा मीटर खाली जाते, ते मी स्वतः गणित करून काढलंय, हे सांगताना थोडी कॉलर ताठ होते. मॅडमचा दोन माणसं पळवायचा दाखला तर तोंडपाठ झालाय. एका आजोबांनी सगळं ऐकून विचारलं, एवढं कष्टानं ऐकून त्या दोन गोळ्यांचा सातबारा कुणाच्या नावावर करणार? उत्तर नव्हतं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दोन भावांची वाटणी, पोटहिस्सा मोजणी, आई धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसलेली. पाकीट करून मोजलं, दोन्ही मोजण्यांत सात सेंटिमीटरचा फरक राहिला, परत केलं तरी राहिला, कारण जुनी खूणच अशी झिजलेली की तिचा मध्य नेमका कुठला ते सांगता येईना. पूर्वी मी एक रेघ मारून निघालो असतो. या वेळी दोघांना बोलावून सांगितलं, बाबांनो, रेघ मी मारतो, पण ती इकडं-तिकडं चार बोटं असू शकते, याच्यापेक्षा जास्त मला खरं सांगता येत नाही.

थोरला म्हणाला, "मंग ही चार बोटं कुणाची म्हणायची साहेब?"

मी गप्प. धाकटा म्हणाला, मशीनमध्ये बिघाड आहे का. चेनमन माझ्याकडं बघायला लागला, की झालं, आता इथंच संध्याकाळ. तेवढ्यात म्हातारी बाभळीखालून ओरडली, "तेवढ्या पट्ट्यात कुणीच पेरू नगा. गवत येऊ द्या. शेळी खाईल."

मला वाटलं मिटलं. मी जबाब लिहायला कागद काढला.

थोरल्यानं विचारलं, "शेळी कुणाच्या दावणीची?"